माप घ्यायला जा

पोरी,

काल लॅबमधून निघताना तू विचारलंस, "सर, मशीन सगळी येतात चालवता, पण आता बनवू काय?" मी घाईत काहीतरी बोललो. ते रात्रभर सलत राहिलं.

तुझ्या टेबलावरच्या वस्तू मी पाहिल्या. लेझरने कापलेले सांधे गच्च बसतात. म्हणजे कापताना रेघेपुरती प्लाय जळून जाते, तो हिशेबही तू धरला होतास. पण त्यातल्या एकाही वस्तूसाठी तू कुणाच्या दारात गेली नव्हतीस. फाइल नेटवरून उतरवलेली, माप तिसऱ्याच कुणाचं. मग काय बनवू हे कळणार कसं? माप घ्यायला जा.

मीही एकदा गेलो नव्हतो. एका शेतकऱ्याच्या पाठीवरच्या फवारणी पंपाचं झाकण फुटलं होतं. त्याने तुकडे पाठवले, मी लॅबमध्ये बसूनच व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायची पट्टी, लावली, आटे काढले, थ्रीडी प्रिंटरवर पीएलए नावाच्या प्लास्टिकमध्ये छापून दिलं. चपखल बसलं. पंप धुतला की झाकण तो पत्र्यावर वाळत टाकायचा, हे मला ठाऊकच नव्हतं. पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि चैत्रातला पत्रा तेवढा सहज तापतो. आटे वाकले. दुसऱ्या दिवशी औषध त्याच्या पाठीवर गळलं. अंगावर चट्टे उठले, तरी तो मला एका शब्दाने बोलला नाही. माझं व्यासाचं माप अचूक होतं, पण तो पत्रा मी मोजलाच नव्हता. एक फेरी मारली असती तर दिसला असता.

अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब, म्हणजे आपल्यासारखी मशीनवर वस्तू बनवायची कार्यशाळा, २००२ साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात उभी राहिली, हे तू भेटीला येणाऱ्यांना अभिमानाने सांगतेस. पण डॉ. कलबागांनी तो आश्रम १९८३ मध्येच सुरू केला होता. लेझर कटर येण्याआधी कितीतरी वर्षं तिथली मुलं वेल्डिंग करत, जमिनीखालचं पाणी शोधत, गावाची कामं करतच शिकत होती. काम आधीपासून होतं, मशीन मागाहून आलं. आपण उलटं करतो आणि वर विचारतो, काय बनवू!

एका संस्थेने माझ्याकडे वर्षात पन्नास वस्तू मागितल्या होत्या. मी सहा दिल्या, कारण प्रत्येकीसाठी चार-चार फेऱ्या झाल्या. पुढच्या वर्षी पैसे थांबले, दोन सहकारी सोडून गेले. मी हट्टी आहे असं ते म्हणाले. असेन. पण त्या सहातल्या चार वस्तू अजून वापरात आहेत, आणि आज पुन्हा विचारलं तरी मी सहाच देईन.

बोलता बोलता तू म्हणाली होतीस की आजीला न्हाणीघरातला नळ सोडता येत नाही, बोटं वळत नाहीत. हे तू सहज सांगून पुढे गेलीस! मी तिथेच अडकलो.

रविवारी घरी जाशील तेव्हा व्हर्नियर ने. सकाळी लवकर, तिची बोटं सर्वांत जास्त आखडलेली असतात तेव्हा माप घे. नळाचं नंतर, आधी तिच्या मुठीचं. ओल्या हाताने तिला जाड पुठ्ठ्याचा दांडा फिरवून बघू दे. लॅपटॉप इथेच ठेवून जा.

तुझा,
सर