टमरेलाचं मूळ गाव

प्रश्न : घासलेट, टमरेल हे खरंच इंग्रजी शब्द का? आणि डांबिस?

उत्तर : पहिले दोन, हो. ‘गॅसलाइट’मधल्या परक्या गॅसला ओळखीचा घास भेटला, नि दिव्याचं नाव तेलाला चिकटलं. त्याच तेलाचं दुसरं नाव रॉकेल, म्हणजे ‘रॉक ऑइल’! टमरेलची गंमत मोठी. ‘टंबलर’मधला ब गळला, ल आणि र यांनी जागा बदलल्या. हा वर्णविपर्यय, नुकसानचं नुसकान होतं तसाच. अर्थ मात्र पार घसरला : प्यायचा पेला थेट परसाकडे गेला.

डांबिस म्हणजे ‘डॅम बीस्ट’, ही कथा झकास; पण नुसता आवाज जुळणं पुरावा नव्हे, जुन्या लिखाणात मधलं रूप सापडायला हवं. इस्पितळ तर इंग्रजीच्या खात्यावर घालूच नका. त्यातला त आणि गळालेला ह पोर्तुगीजकडे बोट दाखवतात.