बारा वर्षांच्या लहान गाडीत सतत काही ना काही बिघडत असेल, तर ती दुरुस्त करत राहावी की विकून टाकावी?

आपल्या प्रश्नात तीन गोष्टी आहेत. बारा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक अधूनमधून, तेही बहुधा इंजिन तापलेले असताना, सुरू होत नाही. वाहनांच्या रांगेत अडकल्यावर तापमानाचा काटा वर चढतो. आणि वर्षभरात बॅटरी, सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) व एक सेन्सर बदलूनही पहिली तक्रार जशीच्या तशी आहे. मी व्यवसायाने मेकॅनिक नाही, परंतु याच वयाच्या आणि याच वर्गातल्या गाड्या बरीच वर्षे वापरत आलो आहे व त्यांची जमतील तेवढी कामे स्वतः करतो, त्या आधारावर लिहीत आहे.

विकण्याचा विचार करण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट व्हायला हवी, ती म्हणजे गाडी खरोखरच संपत आली आहे की तिच्या बिघाडाचे निदानच अजून झालेले नाही. तीन भाग बदलूनही मूळ तक्रार कायम राहते, तेव्हा मला दुसरी शक्यता अधिक वाटते. अंदाजाने भाग बदलत जाण्याची पद्धत नव्या गाडीत एखाद्या वेळी खपून जाते, कारण तिथे बिघडलेली वस्तू सहसा एकच असते. जुन्या गाडीत दोन-तीन अर्धवट दोष एकत्र नांदत असतात आणि कुठलाही एक भाग बदलला की चार दिवस बरे वाटून तक्रार पुन्हा डोके वर काढते.

जुनी गाडी नेमकी कशी जुनी होते, हेही यात महत्त्वाचे आहे. इंजिनाच्या आतला धातूचा गाभा, ऑइल वेळच्या वेळी बदलले गेले असेल आणि इंजिन कधी उकळू दिले नसेल, तर किलोमीटरच्या आकड्याने सहसा थकत नाही. जे थकते ते त्याच्या भोवतालचे: कूलंटचे (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे) रबरी पाइप, रेडिएटरच्या प्लास्टिकच्या टाक्या, सस्पेंशनचे बुश, इंजिनाची माउंटिंग्ज, वायरिंगचे कनेक्टर आणि अर्थिंगच्या (बॅटरीचे ऋण टोक, गाडीचा सांगाडा आणि इंजिन यांना जोडणाऱ्या) पट्ट्या. यांचे वय किलोमीटरपेक्षा वर्षांनी आणि उष्णतेने मोजले जाते, म्हणूनच कमी चाललेली पण बारा वर्षे उभी राहिलेली गाडीही त्रास देऊ शकते. हे सारे एकाच वर्षी कारखान्यातून निघालेले असल्यामुळे थोड्याफार अंतराने एकापाठोपाठ संपते. मालकाला मात्र वाटते की गाडीला नजर लागली आहे.

आता आपल्या पहिल्या तक्रारीकडे येतो. ‘गाडी सुरू होत नाही’ या एका वाक्यात दोन वेगळे आजार दडलेले असतात. किल्ली फिरवल्यावर सेल्फ फिरतच नाही, किंवा नुसता ‘टक्’ असा आवाज येऊन थांबतो, हा एक. सेल्फ जोमाने फिरतो पण इंजिन पकडत नाही, हा दुसरा. गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत गाडी सुरू झालेली असते, त्यामुळे मेकॅनिकला यातले काहीच दिसत नाही आणि तो आपल्या सांगण्यावरून तर्क करतो. म्हणून पुढच्या वेळी असे घडेल तेव्हा आवाज नीट ऐका, शक्य झाल्यास मोबाइलवर टिपून ठेवा आणि डॅशबोर्डवरचे दिवे मंद होतात का तेही पाहा.

सेल्फ फिरत नसेल तर साधा मल्टिमीटर पुरेसा आहे. काही तास उभ्या असलेल्या गाडीच्या पूर्ण चार्ज बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसतात. १२ च्या आसपास आकडा असेल तर बॅटरी जवळजवळ रिकामी आहे. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळाले तर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर आपले काम करतो आहे असे समजावे. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली कोसळत असेल तर बॅटरीवर संशय घ्यावा. या तपासण्या बहुतेक जण करतात. राहून जाते ती अर्थिंगची, आणि माझ्या एका गाडीत नेमकी तीच कळीची निघाली. तीही गरम झाल्यावरच अडायची आणि तिलाही आधी नवी बॅटरी बसवून झाली होती. मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरे थेट इंजिनाच्या उघड्या धातूवर टेकवून मदतनिसाला सेल्फ मारायला सांगितले. तिथे ०.२ ते ०.३ व्होल्टपेक्षा जास्त फरक असू नये, मीटर मात्र एक व्होल्टच्या वर गेला. इंजिन आणि चॅसी यांना जोडणारी विणलेल्या तांब्याची पट्टी वरून धड दिसत होती, पण बोल्ट काढल्यावर तिच्या टोकाच्या धातूच्या कडीखाली हिरवट पावडर साठलेली होती आणि निम्मे धागे बोटांनी तुटून आले. सेल्फ शंभराहून अधिक अँपिअर ओढतो, आणि १०० अँपिअरच्या प्रवाहात ओहमच्या शंभराव्या हिश्श्याइतका रोधही एक पूर्ण व्होल्ट खातो. तापल्यावर सेल्फच्या आणि तारांच्या तांब्याचा रोधही वाढतो, म्हणून थंड असताना निभावून जाणारा हा दोष गरम झाल्यावर उघडा पडतो. पट्टी बदलली, बसायची जागा पॉलिशपेपरने घासून धातू लख्ख केला, आणि तक्रार संपली.

सेल्फ फिरत असूनही इंजिन पकडत नसेल, तर गरम असतानाच दगा देण्यासाठी कुप्रसिद्ध असलेला भाग म्हणजे क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सर, म्हणजे इंजिन फिरते आहे की नाही हे गाडीच्या संगणकाला कळवणारा सेन्सर. अनेक गाड्यांत त्याच्या आतल्या बारीक वेटोळ्याची तार उष्णतेने प्रसरण पावून तुटल्यासारखी होते आणि थंड झाल्यावर पुन्हा जुळते, त्यामुळे अर्धा तास थांबले की गाडी काही झालेच नाही अशा थाटात सुरू होते. सेल्फ फिरत असताना आरपीएमचा काटा शून्यावरच खिळून राहिला, किंवा स्कॅनरवर (गाडीच्या संगणकातली माहिती वाचणाऱ्या यंत्रावर) इंजिनाचा वेग शून्य दिसला, तर संशय इथे वळवावा. आपल्याकडे कोणता सेन्सर बदलला हे बिलावर पाहा, कारण ‘सेन्सर बदलला’ एवढ्याने काहीच कळत नाही. त्याखेरीज किल्ली चालू स्थितीत आणल्यावर मागच्या सीटखालून एक-दोन सेकंद फ्युएल पंपाची गुणगुण येते का, ते ऐका. आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून सेल्फ मारल्यावर गाडी सुरू होत असेल, तर इंजिनात पेट्रोल जास्त जात आहे असे मानायला जागा आहे, कारण बहुतेक फ्युएल इंजेक्शन गाड्यांत त्या स्थितीत इंजेक्टर बंद राहतात. इंजिन तापलेले असूनही ते थंड आहे असे खोटे सांगणारा कूलंट तापमानाचा सेन्सर याचे एक कारण असतो.

स्कॅनरविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. कोड म्हणजे गाडीच्या संगणकाने नोंदवलेली तक्रार असते, निकाल नव्हे. उदाहरणार्थ, पी ०१७१ हा कोड मिश्रणात हवेच्या मानाने इंधन कमी पडत आहे एवढेच सांगतो. त्यावरून ऑक्सिजन सेन्सर बदलला जातो आणि खरे कारण मात्र अनेकदा इनटेकवरचा चिरलेला रबरी पाइप, तुंबलेला फ्युएल फिल्टर किंवा घाण झालेला हवेच्या मापनाचा सेन्सर यांपैकी काही असते. कोड वाचून लगेच भाग सुचवणारा आणि कोड वाचून पुढची तपासणी सुरू करणारा, या दोन मेकॅनिकांतला फरक आपल्या खिशाला वर्षभर जाणवतो.

तापमानाच्या तक्रारीला मी पहिल्या तक्रारीपेक्षाही वरचे स्थान देईन. सुरू न होणारी गाडी फक्त खोळंबा करते, पण उकळलेले इंजिन अ‍ॅल्युमिनियमच्या हेडला (इंजिनाच्या वरच्या भागाला) बाक आणते आणि तिथून पुढचा खर्च खरोखरच गाडी विकण्याच्या पातळीवर जातो. सुदैवाने आपल्या वर्णनातच एक खूण आहे. गाडी रांगेत उभी असताना काटा चढतो आणि मोकळ्या रस्त्यावर वेग घेतला की खाली येतो, असे असेल तर दोष बहुधा रेडिएटरच्या फॅनमध्ये, त्याच्या रिलेमध्ये किंवा रेडिएटरच्या जाळीत अडकलेल्या कचऱ्यात आहे. वेगात किंवा चढावर काटा चढत असेल, तर आतून चोंदलेला रेडिएटर, पुरता न उघडणारा थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटला रेडिएटरकडे जाऊ देणारी झडप) किंवा झिजलेला वॉटर पंप यांचा विचार करावा लागतो. बहुतेक गाड्यांत एसी लावताच फॅन फिरू लागतो, त्यामुळे पहिली तपासणी बॉनेट उघडून एका मिनिटात होते.

कूलंटची पातळी सतत घटत असेल तर ‘वरून थोडे पाणी टाका’ हा सल्ला मानू नये. नुसत्या पाण्याने आतला धातू गंजतो आणि पाणी कूलंटपेक्षा लवकर उकळते. रेडिएटरचे झाकण हा दाब धरून ठेवणारा भाग आहे. सुमारे १ बारचा दाब टिकला तर पाण्याचा उत्कलनबिंदूही १०० वरून १२० अंश सेल्सिअसच्या आसपास जातो, आणि झाकणाचे रबर कडक झाले की हे संरक्षण गळून पडते. झाकण स्वस्त असते, तरीही ते बदलण्याचे क्वचितच कोणाला सुचते. गरम असताना ते उघडू मात्र नये, उसळणाऱ्या कूलंटने गंभीर भाजते. गॅरेजमध्ये कूलिंग सिस्टिमला हातपंपाने दाब देऊन गळती शोधण्याची चाचणी करून घ्या. बाहेर कुठेच गळती दिसत नसताना कूलंट संपत असेल, धुराड्यातून इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत असेल किंवा ऑइलच्या झाकणाखाली साईसारखा थर दिसत असेल, तर हेड गॅस्केटची (हेड आणि त्याखालचे इंजिन यांमधल्या सीलची) शंका घ्यावी. रस्त्यात काटा लाल पट्ट्याकडे सरकू लागला तर एसी बंद करून हीटर पूर्ण क्षमतेवर लावावा, त्यामुळे इंजिनातली थोडी उष्णता केबिनमध्ये खेचली जाते, आणि तरीही काटा उतरला नाही तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे.

ज्यांची आपण तक्रार केलेली नाही अशाही काही वस्तू या वयात पाहून घ्याव्यात. आपल्या इंजिनाला टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची हालचाल जुळवणारा पट्टा) असेल आणि तो कधी बदलला याची नोंद नसेल, तर तो बदलायचा आहे असेच धरून चालावे, कारण अनेक इंजिनांत बेल्ट तुटताच पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरत असेल तर तोही त्याच वेळी बदलून घ्यावा, मजुरी एकदाच लागते. ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा शोषून घेते आणि त्याचा उत्कलनबिंदू घटतो. डॉट ४ प्रकारात कोरडे असताना किमान २३० अंश असलेली मर्यादा ओलाव्यानंतर १५५ अंशांपर्यंत येऊ शकते, त्यामुळे लांब उतारावर पेडल मऊ पडण्याचा धोका असतो. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार अंक उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी म्हातारे रबर ओल्या रस्त्यावर पकड सोडते.

मेकॅनिकशी बोलताना भागाचे नाव न सांगता लक्षण सांगावे. ‘सेल्फ बघा’ असे म्हटले की सेल्फच बदलला जातो. त्याऐवजी कधी, किती तापल्यावर, कसा आवाज येऊन गाडी अडते ते सांगावे, भाग बदलण्यापूर्वी तो खराब असल्याचे कोणत्या मापावरून ठरले हे विचारावे आणि जुना भाग परत मागावा. चांगला मेकॅनिक यावर रागावत नाही. निदानासाठी वेगळी मजुरी मागणाऱ्याला ती आनंदाने द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण निदान फुकट करणाऱ्याला आपले पैसे भाग विकूनच मिळवावे लागतात. वापरलेले भाग आरसा, काच, दाराचे हँडल यांसाठी चालतात. ब्रेक, बेल्ट आणि स्टिअरिंगचे जॉइंट यांच्या बाबतीत अशी काटकसर करू नये.

राहिला विकण्याचा प्रश्न. दुरुस्तीचे बिल आणि गाडीची बाजारातली किंमत यांची तुलना करून लोक निर्णय घेतात, मला ती तुलनाच चुकीची वाटते. पुढची दोन वर्षे ही गाडी भरवशाने चालवायला किती लागेल आणि त्याच दोन वर्षांत दुसऱ्या गाडीवर हप्ते, विमा व किंमतीतली घट मिळून किती जाईल, हे दोन आकडे समोरासमोर ठेवावेत. दुसरी गाडी वापरलेली घेणार असाल तर तिचा इतिहास आपल्याला ठाऊक नसतो, या गाडीचा निदान बराचसा ठाऊक आहे, हेही त्यात धरावे. गाडी सोडून द्यावी असे मी म्हणेन ते मुख्यतः गंजामुळे. दाराखालचे सिल, सस्पेंशन जिथे पत्र्याला जोडले जाते त्या जागा आणि चॅसीचे सांगाडे पोखरले गेले असतील, तर इंजिन कितीही चांगले असले तरी त्या गाडीत पैसा घालू नये, कारण अपघातात जीव वाचवणारी ताकद तिथेच असते. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) उतरलेले आणि ऑइल पिणारे इंजिन, किंवा आवश्यक भागच मिळेनासे होणे, ही त्यानंतरची कारणे.

आपल्या गाडीपुरते सांगायचे तर ती लिफ्टवर चढवून आधी गंज पाहून घ्या. तो नसेल तर कूलिंग सिस्टिमची दाबचाचणी व फॅनची तपासणी करून घ्या, आणि त्यानंतर गाडी गॅरेजमध्येच दिवसभर ठेवून, गरम झाल्यावर अडेपर्यंत वारंवार सुरू-बंद करायला सांगा. ती अडलेली असताना मीटर लावल्याशिवाय आणखी एकही भाग बदलायला परवानगी देऊ नका.