प्रारूप प्रादेशिक योजनेवर नगरपरिषदेने हरकती-सूचना कशा द्याव्यात?

तुम्ही विचारले आहे की, तुमची 'ब' वर्ग नगरपरिषद प्रारूप प्रादेशिक योजनेच्या (म्हणजे अनेक गावे-शहरांतला जमिनीचा वापर, रस्ते आणि सेवा ठरवणाऱ्या आराखड्याच्या मसुद्याच्या) क्षेत्रात येते, सभेत 'योजनेस तीव्र विरोध' असा एका ओळीचा ठराव घेऊन पाठवायचे चालले आहे, तर तेवढे पुरेल का.

नाही पुरणार. असा ठराव आवक नोंदवहीत चढतो आणि पुढे त्याचे काही होत नाही. नक्की काय बदलून हवे हे त्यातून छाननी करणाऱ्याला कळतच नाही. प्रत्येक मुद्द्यात नकाशा क्रमांक, गाव, गट किंवा सर्व्हे नंबर, आत्ताचा प्रस्ताव, हवा असलेला बदल आणि कारण एवढे तरी असायला हवे.

प्रक्रिया महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १६ प्रमाणे चालते. प्रादेशिक मंडळ (योजना तयार करण्यासाठी शासनाने नेमलेले) प्रारूप योजनेची सूचना राजपत्रात प्रसिद्ध करते. तेव्हापासून हरकतींसाठी किमान चार महिने मिळतात. आलेल्या हरकती कलम १० खालच्या प्रादेशिक नियोजन समितीकडे जातात, समिती संबंधितांना म्हणणे मांडण्याची संधी देऊन मंडळाला अहवाल देते आणि मंडळ सुधारलेली योजना मंजुरीसाठी शासनाकडे पाठवते. चार महिने ऐकायला भरपूर वाटतात. पण नकाशे मिळवणे, गावनकाशावर उतरवणे, पाणीपुरवठा विभागाकडून आकडे काढणे, सभेची नोटीस आणि ठराव यांत ते संपतात. पहिल्या पंधरवड्यातच अहवाल, विद्यमान भूवापर नकाशा, प्रस्तावित भूवापर नकाशा आणि विकास नियंत्रण नियम, सगळे मागवून घ्या. शक्य असेल तर नकाशे जीआयएस स्वरूपात (दुसऱ्या नकाशावर बसवून बघता येतील अशा संगणकीय स्वरूपात) मागा.

'आमच्या हद्दीत आमची विकास योजना (शहराच्या हद्दीपुरता आराखडा) आहे, प्रादेशिक योजनेशी आम्हाला काय करायचे' असे कोणीतरी सभेत म्हणणारच. त्यांना कलम २७ दाखवा. पुढे विकास योजना तयार करताना नियोजन प्राधिकरणाला (इथे नगरपरिषदेला) प्रादेशिक योजनेतले प्रस्ताव विचारात घ्यावे लागतात, तेही प्रारूप असोत वा अंतिम. आज जो रस्ता गप्प बसून स्वीकारला, तो उद्या तुमच्या विकास योजनेत आणून बसवावा लागेल.

खरा प्रश्न मात्र हद्दीबाहेरचा असतो. हद्दीला लागून दोन-तीन गावांचा पट्टा निवासी किंवा नागरीकरणयोग्य दाखवला जातो. तिथे इमारती उभ्या राहतात, मालमत्ता कर ग्रामपंचायतीला जातो. पाणी, दवाखाना, कचरा आणि सांडपाणी मात्र तुमच्या माथी. याला विरोध करताना 'ताण पडेल' असे लिहू नका, ताण मोजून दाखवा. समजा त्या पट्ट्यात ४०,००० लोक येणार असे अहवालच म्हणतो. भुयारी गटार असलेल्या किंवा होणार असलेल्या शहरासाठी केंद्र सरकारचे प्रमाण दरडोई रोज १३५ लिटर आहे, म्हणजे ५.४ एमएलडी (दशलक्ष लिटर प्रतिदिन). वितरणातली गळती १५ टक्के धरली (प्रत्यक्षात ती बहुधा जास्तच निघते) तर उद्भवावरून (पाण्याच्या स्रोतावरून) ६.३५ एमएलडी उचलावे लागेल, वर्षाला साधारण २.३ दलघमी (दशलक्ष घनमीटर). आता जलसंपदा विभागाकडचे तुमचे मंजूर पाणी आरक्षण, आजचा वापर आणि शिल्लक या तीन आकड्यांशेजारी हा चौथा ठेवा. पुरवठ्याच्या ८० टक्के सांडपाणी धरले तर आणखी ४.३ एमएलडी शुद्ध करावे लागेल. तुमच्या मलशुद्धीकरण केंद्राची क्षमता किती, तेही लिहा. मग मागणी आपोआप नेमकी होते: या पट्ट्यासाठी स्वतंत्र पाणी उद्भव आणि मलशुद्धीकरण केंद्राची जागा योजनेतच दाखवावी, अन्यथा पट्टा कमी करावा. पाणीपुरवठा, मलनिःसारण आणि इतर सार्वजनिक सेवा हे विषय कलम १४ प्रमाणे प्रादेशिक योजनेच्या कक्षेतच येतात, त्यामुळे 'हा आमचा विषय नाही' असे उत्तर मिळू नये.

लोकसंख्येचा अंदाज आंधळेपणाने मान्य करू नका. सगळा आराखडा त्यावरच उभा असतो आणि चूकही बहुतेक वेळा तिथेच सापडते. २००१ आणि २०११ च्या जनगणनेदरम्यान हद्दवाढ झाली असेल, तर वाढीचा दर फुगतो. उदाहरणार्थ, २००१ ला ४५,००० आणि २०११ ला ६०,००० म्हणजे दशकात ३३ टक्के वाढ; त्याच दराने २०३१ ला सुमारे १,०६,६०० होतात. पण हद्दवाढीत आलेल्या गावांची २००१ ची लोकसंख्या ६,००० होती असे धरा. मग खरा पाया ५१,००० चा, वाढ साडेसतरा टक्क्यांच्या आसपास आणि २०३१ चा आकडा ८३,०००. साडेतेवीस हजारांचा हा फरक म्हणजे अनावश्यक निवासी क्षेत्र. उलटही होते: शहर २०११ नंतर झपाट्याने वाढले आणि अहवाल जुन्याच दरावर अडून बसला. अशा वेळी मालमत्ता कर आकारणी नोंदवही, नळजोडण्या आणि मतदार यादी यांचे वर्षवार आकडे जोडा.

रस्त्यांबाबत हद्दीवरचा सांधा बघा. बाहेरून ४५ मीटरचा रस्ता येतो आणि तुमच्या विकास योजनेत तोच १८ मीटरचा होतो, हे सर्रास दिसते. मोठा रस्ता आत ओढायचा तर भूसंपादन कोण करणार? ३० चा ४५ मीटर केला तर दर किलोमीटरला दीड हेक्टर जमीन जास्त लागते. एवढा खर्च नगरपरिषदेला झेपणारा नाही, हे लिहायला संकोच कशाला? पर्याय म्हणून हद्दीबाहेरून वळण सुचवा आणि ते गट क्रमांकांसह नकाशावर काढून द्या.

नकाशाचे प्रमाणही तपासा. १:५०,००० वर १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवर ५० मीटर. अर्ध्या मिलिमीटरच्या रेषेखाली २५ मीटरची पट्टी जाते, त्यामुळे 'रस्ता अमुक गटातून जातो' हे त्या नकाशावरून छातीठोकपणे सांगता येत नाही. अशा ठिकाणी गावनकाशावर आखणी निश्चित करून द्यावी, हीच मागणी करा. पूररेषा मात्र स्वतः बसवून बघाच. जलसंपदा विभागाची निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निवासी पट्टा निळ्या रेषेच्या आत घुसला असेल, तर तो मुद्दा पहिल्या क्रमांकावर घ्या. इतका न खोडता येणारा दुसरा मुद्दा क्वचितच मिळतो.

लिहिण्याचा नमुना असा ठेवा: 'नकाशा क्र. …, मौजे …, गट क्र. … ते …: प्रारूपात निवासी विभाग प्रस्तावित. सदर क्षेत्र निळ्या पूररेषेत असल्याने निवासी विभागातून वगळून हरित विभागात समाविष्ट करावे. सोबत: पूररेषा नकाशाची साक्षांकित प्रत.' एक मुद्दा, एक परिच्छेद, एक जोडपत्र. नगरसेवकांच्या वैयक्तिक जमिनींबाबतच्या हरकती यात मिसळू नका, त्या ज्याने त्याने स्वतंत्र द्याव्यात. एकदा मिसळल्या की नगरपरिषदेचे पाणीही गढूळ होते.

ठराव सर्वसाधारण सभेचा असावा. निवडून आलेली परिषद नसेल तर प्रशासकांचा. मुद्द्यांचा तक्ता ठरावाचा भाग म्हणून जोडा, म्हणजे मुख्याधिकाऱ्यांच्या पत्रात एखादा मुद्दा गळला तरी ठरावात तो राहतो. सभा मुदतीत होत नसेल तर मुख्याधिकाऱ्यांनी मुदतीच्या आत हरकती दाखल कराव्यात आणि ठराव मागाहून पाठवत असल्याचे त्यातच नमूद करावे. आवक क्रमांक व शिक्का असलेली पोच जपून ठेवा.

सुनावणीला नगररचना सहायक आणि पाणीपुरवठा अभियंता दोघेही जावेत, कारण प्रश्न आकड्यांवर येतात. वेळ कमी मिळतो असे धरून पहिले तीन मुद्दे आधी ठरवा आणि मोठ्या नकाशाची प्रत समितीसमोर पसरा. मांडलेले म्हणणे त्याच दिवशी लेखी देऊन त्याची पोच घ्या. पुढे समितीचा अहवाल आणि शासनाला सादर झालेली योजना यांच्या प्रती मागवून तुमचा तक्ता ओळीने ताडून बघा. मंडळाने नाकारलेला मुद्दा महत्त्वाचा असेल, तर योजना शासनाकडे मंजुरीला असतानाच नगरविकास विभागाकडे निवेदन द्या. मंजुरीनंतर कलम २० खालच्या फेरबदलाचा लांबचा रस्ताच उरतो.