वाचकांचे प्रश्न : केनियातला सेवेचा आठवडा

सुवार्तासेवेसाठी एक-दोन वर्षं केनियात जाणाऱ्या तरुणांबद्दल मराठवाड्यातून आलेल्या पत्रांतले पाच प्रश्न या अंकात घेतले आहेत. तिथल्या स्वाहिली भाषेबद्दलची पत्रं सगळ्यात जास्त होती, म्हणून ते उत्तर लांबलं आहे.

प्रश्न (जालना) : मुलगा तेवीस वर्षांचा आहे. मंडळी त्याला दोन वर्षांसाठी पाठवते आहे. तिकीट काढून देणारा म्हणतो, पाहुणा म्हणून आत जा, कागदाचं मागाहून बघू. असं चालतं का?

उत्तर : चालत नाही, आणि मंडळीनंही ते चालवून घेऊ नये. जानेवारी २०२४ पासून केनियात जाणाऱ्याला निघण्याआधी ऑनलाइन प्रवास-परवानगी घ्यावी लागते, पण ती भेटीपुरती असते. धार्मिक सेवेसाठी ‘आय’ वर्गाचा परवाना लागतो. त्यासाठी अर्ज तिथली नोंदणी झालेली मंडळी किंवा संस्था करते. म्हणून यजमान मंडळीला आधी दोनच गोष्टी विचारा : नोंदणी आहे का, आणि अर्ज कुणाच्या नावानं जाणार? उत्तर गुळमुळीत आलं तर तिकीट काढू नका. नव्वद दिवसांपेक्षा जास्त राहायचं असेल तर परदेशी माणूस म्हणून तिथं वेगळी नोंदणीही करावी लागते. बिनपरवाना प्रचार करताना मुलगा सापडला, तर त्याच्याबरोबर त्याला ठेवून घेणारा पाळकही अडचणीत येतो.

पिवळ्या तापाची, म्हणजे यलो फीव्हरची लस इथूनच घेऊन जावी. केनिया सोडल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात उतरणाऱ्याकडे तिचा दाखला नसेल, तर त्याला विमानतळावरूनच विलगीकरणात नेलं जाऊ शकतं. दाखला लागू होतो तो लस टोचल्यावर दहा दिवसांनी. घरी कुणाचं काही बरंवाईट झालं आणि पोराला तातडीनं यावं लागलं, तर त्या दिवशी टोचून घेतलेली लस कामाला येत नाही. अंड्याची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

प्रश्न (परभणी, एक आई) : पोरगा आठवडाभर तिथं नेमकं काय करतो? फोनवर विचारलं की “बरं चाललंय” एवढंच म्हणतो.

उत्तर : ताई, आठवड्याचा बेत साधारण असा ठेवतात. रविवार कामाचा, म्हणून सुट्टी सोमवारी : कपडे, बाजार, हिशेबाची वही, झोप. मंगळवार ते शुक्रवार सकाळी अडीच तास भाषा, दुपारी घरभेटी. दिवसाला तीन घरं पुष्कळ झाली, कारण कुठल्याही घरी चहा घेतल्याशिवाय उठू देत नाहीत. एका संध्याकाळी घरसभा, एका संध्याकाळी तरुण संघ, शनिवारी मुलांचा वर्ग, रविवारी उपासना. घरभेटीला एकट्यानं जायचं नाही. प्रभूनं बारा जणांना दोघा-दोघांनी पाठवलं (मार्क ६:७), आणि अनोळखी गावात ती रीत आजही अंगावरची बरीच संकटं टाळते. मुलांच्या वर्गात नेहमी दोन मोठी माणसं हवीत आणि दार उघडं हवं. आईबापांना विचारल्याशिवाय लेकरांचे फोटो काढू नयेत.

या बेतात सगळ्यात आधी मोडतो तो सोमवार. दुसऱ्या महिन्यापर्यंत ओळखी वाढतात, प्रत्येक जण बोलावतो आणि सुट्टी संपते. मग थकवा चिडचिडीतून बाहेर पडतो, बहुतेक वेळा दुभाष्यावर. तेव्हा “कसा आहेस” असं विचारू नका. “सोमवारी काय केलंस, कुणाच्या घरी जेवलास, बरोबर कोण होतं” असं विचारा. अशा प्रश्नाला “बरं चाललंय” हे उत्तर देता येत नाही. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागं आहे. आपल्याकडं साडेसात वाजता फोन लावलात तर तिथं संध्याकाळचे पाच झालेले असतात.

प्रश्न (लातूर) : स्वाहिली किती दिवसांत येते? इंग्रजीवर भागणार नाही का?

उत्तर : नैरोबीत दुकानात, कचेरीत भागेल. घरसभेतल्या आजीबाईशी नाही भागणार. रोज अडीच तास दिले तर तीन महिन्यांत विचारपूस, बाजार आणि छोटी प्रार्थना जमते. वचन शिकवायला वर्ष धरा. पहिले तीन महिने उपदेशाची जबाबदारी घेऊच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. त्या दिवसांत बसावं, ऐकावं, वहीत उतरवावं.

मराठवाड्याच्या माणसाच्या पदरात मात्र आधीच काही शिदोरी आहे. निजामाच्या अमलातली उर्दू आपल्या बोलीत मुरलेली आहे, आणि स्वाहिलीतही अरबी-फारसी शब्द भरपूर आहेत. किताबू म्हणजे पुस्तक, कलामू म्हणजे लेखणी, साबुनी म्हणजे साबण, हेसाबू म्हणजे हिशेब, दुका म्हणजे दुकान, दुनिया म्हणजे दुनियाच. वचनातले शब्दही ओळखीचे लागतात : इंजिली, शेतानी, रोहो (आत्मा), नेमा (कृपा, आपली नेमत). प्रभूची प्रार्थना सुरू होते “बाबा येतू” अशी. बाबा म्हणजे बापच, येतू म्हणजे आमचा.

पण ओळखीच्या शब्दांतच खड्डे आहेत. स्वाहिलीत मामा म्हणजे आई, काका म्हणजे मोठा भाऊ, दादा म्हणजे मोठी बहीण आणि बाबू म्हणजे आजोबा. यजमानीणबाईंनी “मामा” म्हणून ओळख करून दिली तर बिचकू नका, तो मानाचा शब्द आहे. ‘इमानी’ म्हणजे विश्वास, देवावरची श्रद्धा; आपल्या ‘इमान’मधला एकनिष्ठपणा डोक्यात ठेवून वाक्य जुळवलं तर अर्थ सरकतो.

व्याकरणात एकच गोष्ट आधी पक्की करा. आपण विशेषणाचं शेपूट बदलतो : चांगला, चांगली, चांगलं. स्वाहिलीत तोंड बदलतं : म्तोतो म्झुरी म्हणजे चांगलं मूल, वातोतो वाझुरी म्हणजे चांगली मुलं, किताबू किझुरी, विताबू विझुरी. शब्द सुटा पाठ करू नका, एकवचन-अनेकवचनाची जोडी पाठ करा. जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर द्या : कि-ता-बू मध्ये ‘ता’वर. गाईला म्हणतात ङोम्बे. ङ आपल्या वर्णमालेत आहे, पण शब्दाच्या सुरुवातीला म्हणायची सवय नाही. ‘अंग’ म्हणताना ग च्या आधी जीभ जिथं टेकते तिथून सुरुवात करा.

वेळ सांगण्याच्या रीतीत तर भलेभले फसतात. स्वाहिलीत दिवस सूर्याबरोबर मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे ‘सा मोजा’, पहिला तास. ‘सा न्ने’ म्हणजे चौथा तास, आपले सकाळचे दहा. सभा ‘सा न्ने’ला ठरली आणि हा चार वाजता पोहोचला, तर मंडळी केव्हाच घरी गेलेली असते. फरक कायम सहा तासांचा आहे. वेळ ठरली की ती स्वाहिलीत आणि इंग्रजीत दोनदा म्हणून घ्या, आणि असुबुही (सकाळ) की जियोनी (संध्याकाळ) तेही विचारा.

प्रश्न (बीड) : दुभाष्याबरोबर वचन कसं शिकवायचं? इथं अर्धा तास सहज बोलतो, तिथं गाडी अडेल अशी भीती वाटते.

उत्तर : अर्ध्या तासातला निम्मा वेळ दुभाष्याचा, हे पहिल्यांदा मान्य करा. तुमच्या वाट्याला पंधरा मिनिटं येतात, आणि तेवढ्यात एकच मुद्दा बसतो. आदल्या दिवशी दुभाष्याला भेटून उतारा दोघांनी मोठ्यानं वाचावा आणि अवघड शब्द लिहून द्यावेत. वाक्य आठ-दहा शब्दांचं ठेवा आणि क्रियापद येईपर्यंत थांबू नका. मराठीत ‘नाही’ शेवटी येतो. अर्ध्यावर थांबलात की दुभाषा नेमका उलटा अर्थ सांगून बसतो. “जिवाचं रान केलं”, “पायाखालची वाळू सरकली” असलं काही बोलू नका. जंगल आणि वाळू यांचं भाषांतर होईल. दुभाषा तुमच्यापेक्षा फार लांब बोलू लागला तर तो स्वतःचा उपदेश करतो आहे. लोकांसमोर टोकू नका, तुमचं पुढचं वाक्य आणखी छोटं करा.

पेरणाऱ्याचा दाखला (मत्तय १३) घेऊन पाहू. तो पेरणारा बी फोकून पेरतो, म्हणून काही वाटेवर पडतं, काही खडकाळीवर, काही काट्यांत. आपण तिफणीनं पेरतो, आणि केनियातला लहान शेतकरी जेंबेनं, म्हणजे कुदळीनं, खड्डा करून मक्याचे दोन-तीन दाणे टाकतो. दोन्हीकडच्या माणसाला वाटणार, हा पेरणारा इतका हयगयीनं का पेरतो? तो प्रश्न आधी सोडवा. मूठ भरून हात फिरवून दाखवा, जमलं तर वाटीभर दाणे अंगणात फेका. मग उतारा दोनदा वाचा.

“समजलं का?” हा प्रश्न निरुपयोगी आहे, पाहुण्याला कोणी “नाही” म्हणत नाही. त्याऐवजी एकाला पूर्ण दाखला आपल्या शब्दांत सांगायला लावा. तो जिथं अडखळतो तिथं तुमचं शिकवणं कमी पडलं. पुढच्या आठवड्याची सुरुवात तिथूनच करा.

प्रश्न (नांदेड) : भाकरीवाचून दोन वर्षं कशी काढायची?

उत्तर : ज्वारी तिथं पिकते, तिला म्तामा म्हणतात आणि बाजारात पीठही मिळतं. तांबड्या ज्वारीची भाकरी तुरट लागते, म्हणून पांढरी मागून घ्या. तूर (म्बाझी) आणि मूग (न्देंगू) मिळतात. रोजचं जेवण उगालीचं : चार वाट्या उकळत्या पाण्यात दोन-अडीच वाट्या मक्याचं पीठ थोडं थोडं टाकत घट्ट घोटायचं, बरोबर सुकुमा विकीची पालेभाजी. पीठ एकदम टाकलं की गुठळ्या होतात आणि आत कच्चं राहतं.

नैरोबी सुमारे १,८०० मीटर उंचीवर आहे. तिथं पाणी साधारण ९४ अंशांनाच उकळतं, त्यामुळं उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. तीन लिटरचा कुकर सोबत द्या, आणि त्याच मापाच्या दोन जादा रिंगा व एक सेफ्टी व्हॉल्व्ह बॅगेत टाका.