पोपटाचा बगळा

अरे,

तुझं पार्सल मिळालं आणि फोटोही. फोटो मांजराचा असेल म्हणून मी चष्मा लावला, तर ती मण्यांचं चित्र विणण्यासाठी चौकोन पाडलेली मांजराची प्रिंट निघाली. ॲपने तुझ्या मनीचे आडवे १२० आणि उभे १५० चौकोन पाडून ६४ रंगांची यादी दिली आहे. खाली तू लिहिलंयस, 'काकू, कुठून घेऊ हे मणी?'

आधी आपण हिशेब करू. १२० गुणिले १५० म्हणजे १८,००० मणी. १२० मण्यांची एक ओळ ओवून, बसवून, परत सुई फिरवायला सरावलेल्या हातालाही पंधरा मिनिटं लागतात. अशा दीडशे ओळी म्हणजे साधारण ३७ तास, आणि तेही एकही मणी न चुकता. तुझा सरावलेला हात अजून यायचाय. चौथ्या संध्याकाळी तू ते कपाटावर टाकशील, आणि मग मला दर दिवाळीत त्या कपाटाकडे बघावं लागेल.

म्हणून पहिलं चित्र ३० बाय ४०. बाराशे मणी. ११ नंबरच्या साध्या गोल मण्यांचे ते जेमतेम ११ ग्रॅम भरतात, जुन्या मापाने तोळासुद्धा नाही. (नंबर जितका मोठा तितका मणी बारीक, हे दुकानात उलटं समजू नकोस. ८ नंबर सुमारे तीन मिलिमीटरचा, ११ नंबर दोनचा.) आणि रंग पाचच. सहावा मागायला आलास तर मी दार उघडणार नाही.

आता मूळ गोष्टीकडे येते. ती मला शिकायला तीन वर्षं लागली, आणि मी जन्मभर नकाशे ट्रेस करून पोट भरलेली बाई. स्केल म्हणजे माझ्या हातचा मळ असं मला वाटायचं. पहिलं चित्र मी पोपटाचं काढलं. शाळेच्या चौकटीच्या वहीवर, एक चौकोन म्हणजे एक मणी, छान गुबगुबीत पोपट. मागावर विणून झाला आणि उभा धरला तर मान लांब, अंग सडपातळ. घरात सगळे म्हणाले, बगळा छान झालाय.

झालं काय होतं? मणी चौकोनी नसतो. भोकाच्या दिशेने तो आखूड असतो आणि घेराने जाड. मागावर भोकं आडवी येतात, म्हणून एका इंचात आडवे अठरा-एक मणी बसतात, पण उभ्या ओळी बाराच. ३० बाय ४० चं चित्र वहीवर तीनास चार दिसतं आणि हातात येतं साधारण सव्वाचार सेंटीमीटर रुंद आणि साडेआठ उंच. ॲपला हे ठाऊक नसतं. तुझी मनी त्यात जिराफ झाली असती.

यावर उपाय सोपा आहे. ज्या मण्यांत चित्र करणार त्याच मण्यांचा १० बाय १० चा तुकडा आधी विण. पट्टीने मोज. जितकी रुंदी-उंची येईल त्या प्रमाणातले उभट चौकोन कागदावर आख आणि त्यांवर चित्र काढ. तुकडा फेकू नकोस, मी माझे सगळे एका चॉकलेटच्या डब्यात ठेवलेत, मागे मण्यांचा नंबर लिहून.

चित्र काढताना फोटो समोर ठेवू नकोस. फोटोत मिशीचे केस असतात, मण्यांत नसतात. मांजर म्हणजे दोन टोकदार कान, वळलेली पाठ आणि शेपूट, एवढ्यावर ते ओळखू येतं का ते बघ. काठियावाडातलं मोतीभरत, म्हणजे तिथलं मण्यांचं काम, कधी बघायला मिळालं तर थांबून बघ. पांढऱ्या मण्यांच्या जमिनीवर ठसठशीत हत्ती, घोडे, पोपट, मोजके रंग. एकोणिसाव्या शतकात व्हेनिसचे काचमणी झांझिबारमार्गे त्या किनाऱ्याला यायचे, आणि बायका तीन-तीन मण्यांची जाळी करत ती चित्रं ओवायच्या. छटा-बिटा काही नाही. तरी हत्ती भिंतीवरून चालत येईल असा.

डोळ्याचं मात्र जपून. ३० बाय ४० च्या चित्रात डोळा म्हणजे एक मणी. हिरव्या पोपटात नुसता काळा मणी टाकलास तर तो भोक पडल्यासारखा दिसतो. शेजारी एक पांढरा मणी टाक, लगेच पोपट तुझ्याकडे बघायला लागतो. तो पांढरा डावीकडे की उजवीकडे, यावरून तो रागावलेला की भोळा हे ठरतं. मी एकदा याच एका मण्यासाठी अख्खी संध्याकाळ घालवली, आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या.

खरेदी. बोहरी आळीत जा, पण शनिवारी नको. अपारदर्शक मणी घे. आतून चांदीचं अस्तर असलेले चमचमते मणी हातात घेतले की मोह होतो, पण त्यांची जमीन केलीस तर जमीनच लखलखते आणि चित्र तिच्यात बुडतं. पारदर्शक मण्यांतून दोऱ्याचा रंग दिसतो, तेही तूर्त नको. गुलाबी आणि जांभळ्याचा भरवसा धरू नकोस, त्यातले बरेचसे वरून रंगवलेले असतात. थोडे मणी अर्धे झाकून पंधरा दिवस उन्हाच्या खिडकीत ठेव, कळेल. आणि एक रंग लागेल तेवढा एकदमच घे. माझ्या आजोळी रुखवतातला मण्यांचा राघू काचेच्या चौकटीत होता, त्याच्या शेपटीच्या शेवटच्या चार ओळी वेगळ्याच हिरव्या. आजीला विचारलं तर म्हणाली, 'मणी संपले आणि लग्न आलं.'

आणलेले मणी ताटात पसर आणि तांदूळ निवडतो तसे निवड. चपटे बाजूला, ढबू बाजूला. स्वस्तातल्या पाकिटात यांचीच भरती जास्त. एक ढबू मणी मधे गेला की अख्खी ओळ फुगते. राहिलेले मिसळणाच्या डब्यात ठेव, सात वाट्या असतात, तुला पाच पुरतील.

मागासाठी लाकडी पाटीची जुनी चौकट चालेल, वरखाली बारीक खिळे ठोकून. उभे धागे मण्यांपेक्षा एक जास्त, म्हणजे तिसाला एकतीस. तंगूस वापरू नकोस, तो उसळतो आणि चकाकतो. मेण लावलेला नायलॉनचा दोरा घे, एका वावेपेक्षा (दोन्ही हात पसरून होते तेवढ्यापेक्षा) लांब नको, गुंता होतो. ओळीचे तीस मणी सुईत घे, धाग्यांच्या खालून ने, बोटाने वर दाब म्हणजे दोन धाग्यांत एकेक मणी बसेल, मग सुई त्याच मण्यांच्या भोकांतून, पण धाग्यांच्या वरून, परत आण. परत येताना उभा धागा टोचला तर ती ओळ पुढे उसवता येत नाही. त्या वेळी टीव्ही बंद.

चुकीचा रंग गेल्याचं दहा ओळींनी कळेल. तो मणी पक्कडीने फोडता येतो, पण भोकात आधी जाड सुई घाल, नाहीतर काचेची धार दोरा कापते. वर हात धर, डोळ्यांत उडतं. मग नवा मणी वेगळ्या दोऱ्याने शेजाऱ्यांतून ओवून बसव.

पार्सलमधला तुझा अर्धवट तुकडा मी उलटा करून बघितला. गाठी मागे नीट लपवल्यास, ते मला आवडलं. ताण मात्र डावीकडे सैल आहे. रविवारी चारनंतर ये, चौकट मी काढून ठेवते. खिळे तू आण, अर्धा इंची.

तुझी,
तिसऱ्या मजल्यावरची काकू