पांढऱ्या मांजरीचे कान

प्रश्न : आमची मनी सात वर्षांची, पांढरीशुभ्र. रोज भर दुपारी गच्चीच्या कठड्यावर पसरलेली असते. दोन महिन्यांपासून तिच्या दोन्ही कानांच्या टोकांवरचे केस विरळ झालेत, कडा गुलाबी दिसतात, बारीक खपली धरते, पडते, पुन्हा धरते. बोक्याशी भांडली असेल म्हणून मी दुर्लक्ष केलं. आता शेजारीण म्हणते, ऊन लागलंय. माझंच सनस्क्रीन तिला लावलं तर चालेल का? घरात पांढरा कुत्राही आहे, त्यालाही हा त्रास होतो का?

उत्तर : सनस्क्रीनची ट्यूब आधी कपाटात ठेवा. मांजर अंगाला लावलेलं सगळं चाटून पोटात घालते. आपल्या क्रीममध्ये बहुधा झिंक ऑक्साइड किंवा सॅलिसिलेट असतं. पोटात गेलेलं झिंक रक्तातल्या लाल पेशी फोडू शकतं. सॅलिसिलेट म्हणजे अ‍ॅस्पिरिनचं भावंड, ते मांजरीच्या यकृताला लवकर निपटता येत नाही.

आता कान. भांडणातला ओरखडा सहसा एकाच कानावर, कुठेतरी वेडावाकडा असतो. दोन्ही टोकं सारखीच खपलतात तेव्हा मला उन्हाचा संशय येतो. पांढऱ्या केसांखालच्या कातडीत रंगद्रव्य नसतं आणि कानाच्या टोकावर केसही तुरळक. नाकाचा शेंडा आणि पापण्यांची कडही तशीच नाजूक. आधी नुसता दाह असतो. वर्षानुवर्षं ऊन लागत राहिलं की त्याच जागी त्वचेचा कर्करोग होऊ शकतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. नव्यानेच दवाखाना थाटला होता तेव्हा अशाच एका मांजरीला मी बुरशी समजून दीड महिना मलम देत राहिले. शेवटी तिचे दोन्ही कान अर्धे कापावे लागले. नंतर ती ठणठणीत जगली, फक्त अस्वलाच्या पिल्लासारखी दिसायची. पण तो दीड महिना मला अजून बोचतो. म्हणून मनीला याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. त्यांनी कातडीचा तुकडा तपासायला काढू म्हटलं तर नको म्हणू नका.

सकाळी दहा ते चार गच्चीचं दार बंद. ती दाराशी बसून तुम्हाला शिव्या घालील, घालू द्या. काचेच्या खिडकीत बसली तर? गच्चीपेक्षा बरं. कातडी भाजणारे किरण काच बरेचसे अडवते. आत खोलवर शिरणारे मात्र येतात, तेव्हा पडदा लावा. क्रीम लावायचंच असेल तर मांजरींसाठी सुरक्षित असं स्पष्ट लिहिलेलंच, तेही डॉक्टरांना विचारून. कुत्र्यांचं क्रीम मांजरीला चालेलच असं नाही.

कुत्र्यालाही हा त्रास होतो, पण जागा वेगळ्या : नाकाचा वरचा भाग, पोट, जांघा. उताणं लोळायची खोड असेल तर पोट भाजतं. उभा असला तरी फिकट फरशीवरून परतणारं ऊन खालून लागतंच. उन्हाळा आला म्हणून त्याचे केस अगदी बारीक कापू नका, ती त्याची छत्रीच आहे. त्याला अंगरखा घालता येतो, प्राण्यांसाठीचं क्रीमही चालतं. लावल्यावर वाळेपर्यंत खेळवत ठेवा, म्हणजे चाटणार नाही. आंघोळ घालताना पोटावरून हात फिरवा. लाल चट्टे, जाडसर झालेली कातडी किंवा काळसर ठिपक्यांसारखे फोड लागले, तर मनीबरोबर त्यालाही घेऊन जा.