जाड पीएस-थ्री घ्यावा की स्लिम?

अहो, सेकंडहँडवाल्याने तुम्हाला सांगितलं की पीएस-थ्रीचा (सोनीचं गेम खेळायचं मशीन, प्लेस्टेशन ३) नंतरचा स्लिम म्हणजे आतला माल काढून हलका केलेला, जाडच दणकट, तर ते अर्धंच खरंय. मी सोलापुरात नव्या पेठेत रिपेरिंग करतो, दोन्ही मशीन टेबलावर उघडी पडलेली असतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

खरा खेळ चिपचा आहे. २००६ च्या पहिल्या पीएस-थ्रीत सेल प्रोसेसर (मशीनची मुख्य चिप) ९० नॅनोमीटरवर बनलेला (हा आकडा जितका लहान तितकी चिपवरची नक्षी बारीक), २००९ च्या स्लिममध्ये तोच ४५ वर आला. काम तेच, सिलिकॉनचा तुकडा लहान, त्यामुळे एका वेफरमधून (ज्या सिलिकॉनच्या चकतीतून चिपा कापतात ती) जास्त नग निघतात आणि चिप स्वस्त पडते. पण माझ्या मते मोठी बचत त्याच्या पुढे आहे, कारण छोटी चिप करंट कमी ओढते, मग तापते कमी, मग हीटसिंक (चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) छोटा चालतो, फॅन छोटा, पॉवर सप्लाय छोटा (जाडवर ३८० वॅट लिहिलेलं असतं, पहिल्या स्लिमवर २५०) आणि हे सगळं आटलं की ५ किलोचं धूड ३.२ वर येतं, म्हणजे जहाजाचं भाडंही वाचलं की. पहिल्या ६० जीबीवाल्याला बनवायलाच साधारण ८४० डॉलर लागतात असा आयसप्लाय या मशीन उघडून खर्च काढणाऱ्या कंपनीचा तेव्हाचा अंदाज होता आणि विकत होते ५९९ ला! स्लिम आला २९९ ला.

सगळंच असं आटत नाही पण. हार्डडिस्क बघा, मोटर, हेड, पत्रा लागणारच, जागा कितीही वाढू दे, भाव एका मर्यादेखाली जात नाही, मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या एक्सबॉक्स गेम मशीनला हेच नडलं, त्यात हार्डडिस्क होती.

आणि लहान म्हणजे स्लो असंही नाही. २०१० च्या एक्सबॉक्स ३६० एसमध्ये सीपीयू-जीपीयू (मुख्य प्रोसेसर आणि चित्र काढणारा प्रोसेसर) एकाच चिपमध्ये घातले, ते जुन्यापेक्षा फास्ट होऊ नयेत म्हणून मायक्रोसॉफ्टने मध्ये मुद्दाम उशीर करणारा ब्लॉक ठेवला, का तर गेम दोन्हीकडे सारखेच चालले पाहिजेत.

आता पीएस-थ्रीतून काढलंय काय ते पण सांगतो. पहिल्या जपान-अमेरिकेच्या मशीनमध्ये जुन्या गेमसाठी पीएस-टूच्या (आधीच्या प्लेस्टेशनच्या) चिपा वेगळ्या बसवलेल्या, त्या गेल्या, कार्ड रीडर गेले, चार यूएसबीचे दोन झाले. म्हणजे पीएस-टूच्या डिस्क लावायच्या असतील तर स्लिम तुमच्या कामाचा नाही.

नाहीतर डोळे झाकून स्लिम. आपल्याकडे एप्रिल-मेत तापमान ४२ च्या वर जातं, त्यात जास्त तापणारं मशीन कशाला? यंत्रमागाच्या बाजूची मशीन उघडली की हीटसिंकच्या फटीत सुताची रुई इतकी ठासलेली असते की एखादी चादर विणून निघेल, ती आधी साफ करून मागा. फक्त २०१२ चा सुपर स्लिम घेत असाल तर वरचं सरकतं झाकण चार वेळा उघडून-लावून बघा, डिस्क आत ओढणारी यंत्रणा काढून तिथं झाकण दिलंय आणि काटकसर हाताला लागते ती तिथंच.